चारशे अकरा निळे ठिपके

दोन नोव्हेंबर दोन हजार चोवीस, शनिवार. पाडव्याचं जेवण झालं होतं आणि आम्ही तिघं अमेरिकेत श्रूजबरीला मनोहरकाकांच्या घरीच रेंगाळलो होतो. मी, माझा रूममेट सिद्धेश आणि इशिता. सिद्धेश नागपूरचा, बॉस्टनच्या एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. इशिता पुण्याची, वूस्टरला कॅन्सरच्या पेशींवर पीएचडी करते आहे. काकांनी स्वतः तीस वर्षं लॅबमध्ये काढली, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. इथे सणाला ज्याला घर नाही त्याचं घर म्हणजे त्यांचं घर.

झोपायला जायच्या आधी शुभाकाकू हिवाळ्याच्या वेळेसाठी घरातली घड्याळं एक तास मागे करत फिरत होत्या. रात्री दोन वाजले की पुन्हा एक वाजणार, म्हणजे एक ते दोन हा तास दोनदा येणार. सिद्धेश म्हणाला, या देशात फुकट मिळणारी ही एकच गोष्ट आहे, झोपून वाया घालवणार नाही. काकू हसल्या आणि मायक्रोवेव्हचं घड्याळ तेवढं काकांवर सोपवून आत गेल्या.

काका मात्र हसले नाहीत. जेवतानापासूनच ते गप्प होते, आणि कशामुळे ते मला नंतर कळलं. जेवताना इशिताने सांगितलं होतं की तिच्या मशीनवरचे आकडे महिनाभर वेडेवाकडे येत होते. मग तिने एक सेटिंग बदललं, ग्राफ एकदम क्लीन झाला आणि गाईड खूश. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. काकांचा श्रीखंडाचा चमचा तेव्हाच थांबला होता.

आता त्यांनी हळूच विचारलं, "इशिता, साइझची खालची मर्यादा बदललीस का?"

"हो काका. सहा होती, दहा केली. खूप कचरा मोजला जात होता."

"सॅम्पल कुणाचं?"

"पेशंटचं. नंबर नऊ." ती खांदे उडवून म्हणाली, "नाव कुठे असतं आपल्याकडे."

काका उठले. आतल्या खोलीतून पांढऱ्या रुमालात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. लिंबाएवढं, पण जड. टेबलावर ठेवलं तेव्हा धातूचा आवाज आला. त्यांनी बैठकीतला दिवा बंद केला. फक्त शेगडीवरचा पिवळा दिवा राहिला.

"हे आत्ताच उघडू नका," ते म्हणाले. "वर्षभर कपाटात असतं. मीही सहसा उघडत नाही."

सिद्धेशने माझ्याकडे बघून डोळा मारला. त्याला वाटलं, काका मूडमध्ये आले. पुढचं मी काकांच्याच शब्दांत सांगतो.

*

सत्यजित नावाचा एक मुलगा होता. नागपूरचाच, सिद्धेश, तुझ्या गावचा. वडील शाळेत गणित शिकवायचे. इथे तो वूस्टरच्या एका छोट्या कंपनीत होता. नाव विचारू नका, ती कंपनी आता नाही. मीही तिथेच होतो, शेवटची नोकरी. बाहेरच्या मोठ्या खोलीत माझी जागा, आणि काचेच्या दारापलीकडे आतली लहान खोली, तिथे पेशी वाढवायच्या.

काम असं. हॉस्पिटलमधून रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटचं रक्त यायचं. त्यातल्या कॅन्सरच्या पेशी वेगळ्या करायच्या, प्लेटच्या खळग्यांत घालायच्या, प्रत्येक खळग्यात वेगळं औषध. तीन दिवसांनी किती जिवंत, किती मेल्या ते मोजायचं. ज्या औषधाने पेशी मेल्या ते औषध चाललं. तसा रिपोर्ट डॉक्टरकडे जायचा, आणि पुढे काय द्यायचं ते ठरवताना डॉक्टर तो समोर ठेवायचे.

मोजणं कसं असतं ते इशिताला माहीत आहे, तुम्हा दोघांना सांगतो. थेंबभर पेशींत निळा रंग मिसळतात. जिवंत पेशी रंगाला आत घेत नाही. मेलेलीचं दार उघडंच असतं, रंग सरळ आत शिरतो. जिवंत ती चकचकीत, मेलेली ती निळी. आमच्या उमेदीच्या काळात हे मायक्रोस्कोपला डोळा लावून मोजायचो. हातात काउंटर असायचा, देवळाच्या रांगेत माणसं मोजतात तसला. एक पेशी, एक टक्. संध्याकाळपर्यंत अंगठा बधिर व्हायचा.

मग मशीन आलं. प्लास्टिकच्या पट्टीवर थेंब सोडायचा, पट्टी मशीनमध्ये सरकवायची, अर्ध्या मिनिटात आकडा. एकूण इतक्या, जिवंत इतके टक्के. फोटोही जपून ठेवतं. फक्त एक गोष्ट त्याला आपण सांगायची असते, की किती लहान वस्तूला पेशी म्हणायचं नाही. धूळ असते, तुकडे असतात. अमुक मापाच्या खालचं सगळं कचरा समज. ती मर्यादा माणूस ठरवतो.

सत्यजितला नीटनेटकं आवडायचं. आकडे उड्या मारायला लागले तसं त्याने मर्यादा पाचावरून नऊवर नेली. आकडे शांत झाले. त्याने ते सेटिंग कायमचं करून ठेवलं. कोणी काही म्हटलं नाही. उलट कौतुक झालं.

पण मेलेली पेशी आकसते, इशिता.

*

काका थांबले. इशिता हातातल्या पिस्त्याची टरफलं एकावर एक रचत होती. ती थांबली. वर बघितलं नाही.

सिद्धेश म्हणाला, "म्हणजे मेलेल्या मोजल्याच जात नव्हत्या?"

"मेलेल्या कचऱ्यात जात होत्या," काका म्हणाले. "आणि उरलेल्यांत बहुतेक जिवंत. म्हणून टक्केवारी छान."

*

सप्टेंबर दोन हजार बावीसमध्ये नमुना एक्केचाळीस आला. स्त्री, वय चौतीस. एवढंच आम्हाला माहीत. पाच औषधं लावली. चार नंबरच्या औषधाचा आकडा आला, अठ्ठ्याहत्तर टक्के जिवंत. म्हणजे औषध चाललं नाही. रिपोर्ट तसा गेला. पहिल्या पानावर सत्यजितची सही, आणि खाली "तपासलं" म्हणून दुसऱ्या माणसाची.

त्याच पानावर एकूण आकडा होता. औषध न घातलेल्या खळग्यात सहाशे पेशी आणि चार नंबरमध्ये एकशे एक्केचाळीस. बाकीच्या साडेचारशे कुठे गेल्या, असं कोणीही विचारायला हवं होतं. तपासणाऱ्याने तर हवंच होतं. त्याने फक्त टक्के बघितले. जेवायची वेळ झाली होती.

ऑक्टोबरच्या मध्यावर सत्यजितच्या लक्षात आलं. कशाने, तर दुसऱ्याच एका नमुन्याचा फोटो त्याने मोठा करून बघितला आणि त्यात निळे बारीक ठिपके भरलेले दिसले. मशीनने त्यांच्याभोवती गोल काढलेलेच नव्हते. त्याला लगेच एक्केचाळीस आठवला. संध्याकाळी पार्किंग लॉटमध्ये त्याने एका माणसाला सांगितलं. म्हणाला, रिपोर्ट मागे घ्यायला हवा. एक्केचाळीसची बाई अजून हॉस्पिटलमध्ये आहे.

तेव्हा त्याच्या व्हिसाचा अर्ज आत गेलेला होता. चौकशी लागली, नोकरी गेली, तर साठ दिवसांत देश सोडायचा. तो माणूस त्याला म्हणाला, थांब. आधी व्हिसा येऊ दे. मग शांतपणे बघू.

सत्यजित थांबला. तीन आठवडे.

*

माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, पण एक ईमेल लिहायचा होता. एक. बाई मरतेय आणि हा व्हिसाची वाट बघतोय?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागावतील असं वाटलं, पण रागावले नाहीत.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "तो ईमेल त्याने लिहून ठेवला होता. रोज उघडायचा. रोज बंद करायचा."

आणि त्यांनी रुमालाचं टोक सरळ केलं.

*

चार नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळच्या मीटिंगमध्ये हॉस्पिटलशी बोलणारी बाई यादी वाचत होती. कुठला नमुना ठेवायचा, कुठला टाकायचा. वाचता वाचता म्हणाली, एक्केचाळीस टाकून द्या, पेशंट मंगळवारी गेली. आणि हो, तिच्या नवऱ्याने लॅबला थँक्यू सांगितलंय. तुम्ही सगळ्यांनी इतके प्रयत्न केलेत म्हणून.

मग तिने बेचाळीस वाचला.

ते औषध मिळालं असतं तर ती वाचली असती का? मला माहीत नाही. डॉक्टरांनी दिलंच असतं का, तेही माहीत नाही. माहीत नाही, हेच तर आहे.

दुसऱ्या दिवशी शनिवार, पाच तारीख, आजच्यासारखीच घड्याळं मागे करायची रात्र. सत्यजित जेवायला इथे होता, याच टेबलावर. नीट जेवला नाही. अकराला उठला. म्हणाला, एक छोटं काम राहिलंय, एक्केचाळीसची बाटली टाकायची आहे, पेशी वाढवायच्या इन्क्युबेटरमध्ये सोमवारी जागा लागणार. शुभा म्हणाली, एवढ्या रात्री? तो म्हणाला, दिवसा लोक असतात काकू.

रूट नाइनचा रस्ता मोकळा होता. तळ्यावरच्या पुलावर धुकं. बारा मिनिटांत लॅबमध्ये पोहोचला असता, पण गाडीतच बसून राहिला. आत शिरला तेव्हा पाऊण वाजला होता.

त्या बिल्डिंगमधले दिवे हालचालीवर लागायचे. माणूस चालेल तिथला दिवा लागतो, माणूस हलला नाही की दहा मिनिटांनी विझतो. तो चालत गेला तसे एकेक दिवे लागत गेले. माझ्या जागेवरचा. मग मधला. मग काचेच्या दाराबाहेरचा. मग आतल्या खोलीतला.

इन्क्युबेटर उघडून त्याने बाटली काढली. मायक्रोस्कोपखाली धरली.

बाई मंगळवारी गेली होती. तिच्या पेशी जिवंत होत्या. गोल, चकचकीत. वाढत होत्या.

टाकण्याआधी त्याने एक थेंब मोजला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. त्र्याण्णव टक्के जिवंत. मग बाटलीत ब्लीच ओतलं आणि बाजूला ठेवली. आता निघायचं. पण तो मशीनसमोर बसला. चार नंबरच्या औषधाचा जुना फोटो उघडला. मर्यादा नऊ होती, ती पाच केली. मशीनने पुन्हा मोजलं.

वीस टक्के.

अठ्ठ्याहत्तर नाही. वीस. औषध चाललं होतं. त्या काचेच्या खोलीत, त्या खळग्यात, औषधाने तिचा कॅन्सर मारला होता. आणि आम्ही लिहून पाठवलं होतं की चाललं नाही.

मशीनने विचारलं, नवा निकाल सेव्ह करायचा? हो, नाही.

तो बघत बसला. सेव्ह केला की नोंद राहणार. वेळ, नाव, सगळं. मग मागे जाता येणार नाही. खाली घड्याळ होतं. एक वाजून सतरा मिनिटं.

त्याने "नाही" दाबलं.

मग तो तिथेच बसून राहिला. हलला नाही. बाहेरचे दिवे एकेक करून विझले. शेवटी त्याच्या डोक्यावरचाही विझला. त्याने विझू दिला. ब्लीचचा वास आणि मशीनच्या पडद्याचा उजेड, बाकी काही नाही.

पडद्यावर दोन वाजले... आणि पुन्हा एक वाजला.

तेव्हा बाहेरच्या खोलीत एक दिवा लागला.

माझ्या जागेवरचा.

काचेतून सगळं दिसत होतं. दार बंद, मधला काळोख, आणि लांब तिकडे फक्त माझं टेबल उजेडात. स्टूल. मायक्रोस्कोप. कोणी नाही. त्याला वाटलं, वॉचमन असेल. हाक मारली. उत्तर नाही.

मग आवाज आला.

टक्.

आवाज ओळखीचा होता. सगळे मला त्यावरून चिडवायचे. मशीन आल्यानंतरही मी माझा काउंटर फेकला नव्हता, ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

टक्... टक्...

घाई नाही. चुकत नाही. मायक्रोस्कोपला डोळा लावून मोजणारं माणूस जसं मोजतं, तसं. दोनतीन सेकंदाला एक. मध्ये कधी जरा थांबायचं, जणू दोन पेशी चिकटल्या आहेत आणि नीट बघितलं जातंय. मग पुन्हा.

टक्...

तो उठला नाही. उठता आलं नाही. दाराची काच त्याच्या श्वासाने धुरकट होत होती, आणि तो तर दारापासून आठ फूट लांब होता... म्हणजे तो श्वास त्याचा नव्हता. हे त्याला नंतर सुचलं.

टक्...

शंभर झाले असतील. दोनशे. त्याने मोजायचा प्रयत्न केला, जमलं नाही. एवढं कळत होतं की जिवंत कोणी मोजत नाहीये. म्हणजे... जे मोजलं जातंय ते जिवंत नाही. पडद्यावर तो फोटो अजून उघडाच होता. निळे ठिपके. मशीनने सोडून दिलेले.

टक्...

मग थांबलं.

शांत.

मधला दिवा लागला.

कोणी चाललं तर लागतो तसा.

मग... दाराबाहेरचा.

काचेपलीकडे भरपूर उजेड. कोणी नाही. काचेवर फक्त वाफेचा एक गोल. तोंडाच्या उंचीवर. तो लहान झाला, मोठा झाला. लहान. मोठा.

आवाज नाही.

दार वाजवलं नाही. हाक नाही. काहीच नाही... नुसतं थांबलेलं.

तो मला म्हणाला, काका, रागावून आली असती तर बरं झालं असतं. ती थँक्यू म्हणायला आल्यासारखी उभी होती.

त्याने पडद्याकडे तोंड फिरवलं. तिथे प्रश्न होता. नवा निकाल सेव्ह करायचा? हो, नाही. तो प्रश्न त्याने तासापूर्वीच मिटवला होता. खाली वेळ. एक वाजून सतरा मिनिटं.

त्याने "हो" दाबलं.

मागे दिवा विझला.

*

काका पाणी प्यायले. भिंतीलगतचा बेसबोर्ड हीटर तापताना टकटक करतो, तो तेव्हाच सुरू झाला आणि सिद्धेश दचकला. एरवी आम्ही त्याला दोन दिवस पुरेल एवढं चिडवलं असतं.

"अडीच वाजता बेल वाजली," काका पुढे सांगू लागले, आता खालच्या आवाजात. "दारात सत्यजित. हातात निळे ग्लोव्हज तसेच. ओली पानं लागलेल्या बुटांनी सरळ आत आला आणि हे माझ्या हातात दिलं. दाराबाहेर जमिनीवर पडलं होतं, म्हणाला. माझ्या ड्रॉवरला कुलूप होतं. किल्ली त्या रात्रीही या घरात खुंटीवर होती, आजही आहे."

त्यांनी रुमालावर बोट ठेवलं.

"त्यावर आकडा होता, चारशे बारा. सोमवारी मी सकाळी सहाला लॅबमध्ये गेलो. एक्केचाळीसचा तो फोटो मोठ्या कागदावर छापला आणि पेन घेऊन बसलो. मशीनने सोडलेला प्रत्येक निळा ठिपका, एकेक खूण करत. तीनदा मोजले. चारशे अकरा."

"मग एक जास्त कसा?" सिद्धेशने विचारलं, आणि विचारताच त्याला कळलं बहुतेक, कारण त्याच्या तोंडून "ती बाई..." एवढंच निघालं.

मी विचारलं, सत्यजितचं काय झालं? आणि तो दुसरा माणूस, थांब म्हणणारा, त्याचं काय झालं?

"सत्यजितने त्याच सोमवारी दुपारी सगळं लिहून दिलं. जुने सगळे रिपोर्ट परत तपासले गेले. आणखी दोन चुकीचे निघाले. ते दोघं जिवंत होते, त्यांची औषधं बदलली. त्याची नोकरी गेली. जानेवारीत तो नागपूरला परतला. तिथे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. स्लाइड्स हाताने मोजतो म्हणे."

"आणि दुसरा?"

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. इशिताकडेही नाही. मायक्रोवेव्हच्या हिरव्या आकड्यांकडे बघत म्हणाले, "सत्यजितने कबुलीत दुसरं नाव लिहिलंच नाही. मॅनेजरने त्या माणसाला बोलावून विचारलं, तुझी सही आहे, तुला हे आधी माहीत होतं का? तो म्हणाला, नाही. डिसेंबरमध्ये त्याला केक कापून निरोप दिला. तीस वर्षांच्या प्रामाणिक कामाबद्दल एक काचेची ट्रॉफी दिली. ती शुभाने हॉलमध्ये ठेवली होती, त्याने ती तळघरात नेऊन ठेवली. का, ते तिला माहीत नाही."

तळघराचा जिना आमच्या मागेच होता. आम्ही कोणी वळून बघितलं नाही.

मला बरंच काही बोलायचं होतं. जेवायच्या आधी विचारलं असतंत तर मी दहा मिनिटं बोललो असतो. आता समोर एक म्हातारा माणूस बसला होता, ज्याने गेल्या वर्षी मला बर्फात एअरपोर्टवरून आणलं होतं, स्वतःचा कोट मला दिला होता. मी जग उचलून त्यांचा पेला भरला.

इशिताच बोलली. आवाज अगदी बारीक. "काका, हा आकडा मागे शून्यावर नेता येतो ना?"

"बाजूला चावी आहे. दोन वर्षांत कितीदा तरी नेला. शून्य करून ठेवतो. पण या रात्री उघडला की चारशे बारा. गेल्या वर्षीही. बघ तू. मी नाही बघत."

त्यांनी रुमाल तिच्याकडे सरकवला. तिने गाठ सोडली. आतला काउंटर निकेलचा, अंगठ्याच्या जागी घासून पितळ उघडं पडलेला. मी आणि सिद्धेश समोरच्या बाजूला होतो, आम्हाला आकडा दिसत नव्हता. तिने तो दिव्याकडे धरला. मग आणखी जवळ.

"किती म्हणालात काका?"

"चारशे बारा."

तिने काउंटर टेबलावर पालथा ठेवला. अगदी हळू, आवाज होणार नाही असा. मग उठली आणि जॅकेट शोधू लागली.

सिद्धेश म्हणाला, "अगं कुठे? पाऊण वाजलाय. उद्या रविवार आहे, सकाळी जा. थांब ना यार."

"थांबवू नकोस तिला," काका म्हणाले.

इतक्या मोठ्याने ते संध्याकाळपासून बोलले नव्हते. आत काकूंच्या खोलीतला दिवा लागला. इशिता दाराशी बुटात पाय घालत होती, लेस न बांधताच. तिने मागे वळून एवढंच सांगितलं की नंबर नऊचा रिपोर्ट गुरुवारी गेलाय, पण पेशंट अजून हॉस्पिटलमध्ये आहे, तिने शुक्रवारीच ऐकलं होतं. फोटो सगळे आहेत. रात्रीत होईल.

काका तिच्यामागे गेले. खुंटीवरून गाडीची किल्ली काढली. म्हणाले, "मी येतो. मोजायला दोन माणसं लागतात. तपासणाऱ्याच्या सहीसाठी."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, शाल अर्धी खांद्यावर. त्यांनी विचारलं, एवढ्या रात्री कुठे? काका दाराशीच वळले. मग म्हणाले की आल्यावर तुला एक गोष्ट सांगायची आहे, जागी राहा. आणि दोघं गेले. गाडीचे दिवे भिंतीवरून फिरले, ओल्या पानांवर टायर वाजले, आणि मग रस्ता परत शांत झाला.

सिद्धेशने बैठकीतला दिवा लावला. मायक्रोवेव्हचं घड्याळ बदलायचं राहूनच गेलं होतं. त्यावर बारा एकोणपन्नास. पहिला एक अजून वाजायचा होता.

मी टेबलावरचा काउंटर उचलला. धातूचा असून गरम होता, आत्ताच कुणाच्या तरी मुठीतून सुटल्यासारखा. इशिताने तर तो दोन बोटांत धरला होता. मी तो उलटा केला.

शून्य, चार, एक, तीन.